चंची विहिरीत टाकली त्याबद्दल

मिनियापोलिस, २ फेब्रुवारी

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर तंबाखूचा विषय निघाला की बाबांना नेमकी गोठ्यातली कामं आठवतात, म्हणून हे पत्र. आई, तू वाचून दाखवू नकोस. त्यांना चष्मा लावून स्वतः वाचू दे.

मावशी म्हणाली म्हणे, "एवढी कॉम्प्युटरची नोकरी सोडून पोरगी दारुड्यांची मास्तरीण होणार?" तिला सांग, मास्तरीण व्हायचं नाही, हेच तर शिकतेय. व्यसनमुक्ती समुपदेशनाची ६० क्रेडिटची पदवी आहे. तिच्यात आधी १०० तासांचं प्रात्यक्षिक आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप. त्यातले निदान २४० तास खऱ्या माणसासमोर बसून. लायसन्स त्यानंतर. मेंदू, औषधं, कायदा हे सगळं पाठ होतं गं, माझं अडलं ते बोलण्यावर.

पहिल्याच सत्रात वर्गातल्या जोडीदाराशी वीस मिनिटं बोलून रेकॉर्ड करायचं होतं. माझा जोडीदार ५८ वर्षांचा, पूर्वीचा ट्रक ड्रायव्हर, अकरा वर्षं दारूपासून लांब. (इकडे याचं कुणाला नवल नाही. याच राज्यात, विलमारच्या सरकारी इस्पितळात, १९५० च्या दशकात दारू सुटलेल्या माणसांना डॉक्टरांच्या जोडीनं कामावर घेतलं होतं.) त्यानं रोज रात्री पिणाऱ्याचं सोंग घेतलं, मी समुपदेशक. मग बाई टेप थांबवत थांबवत ऐकणार आणि आम्ही कागदावर रेघा मारणार: हा प्रश्न, हा सल्ला, हे त्याचंच म्हणणं त्याला परत ऐकवणं. माझे प्रश्न निघाले एकोणीस आणि सल्ले सात. त्याचं म्हणणं त्याला ऐकवलं ते फक्त दोनदा. सातवा सल्ला होता, "निदान मुलांकडे तरी बघा." आई, तो तुझा आवाज होता. नानाकाकांपुढे ताट सरकवताना तू म्हणायचीस ना, त्याच सुरात, फक्त इंग्रजीत. जोडीदार हसून म्हणाला, "हे ऐकून मला खरोखरच प्यावंसं वाटलं."

व्यसनी माणसाशी सल्ले न देता कसं बोलायचं, यावर विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये पहिल्यांदा लिहिलं. समोरच्याला ताळ्यावर आणायची आपल्याला खाज असते. व्यसनी माणसाच्या मनात दोन्ही असतं, सोडावं आणि सोडू नये. आपण सोडायची बाजू पकडून बसलो की त्याच्या वाट्याला दुसरीच उरते. मग तो ती लढवतो, आणि लढवता लढवता त्याला ती पटतेही.

नानाकाकांशी आपण सगळे दहा वर्षं असंच भांडलो. त्यांनी पंढरपूरला माळ घातली तेव्हा दोन वर्षं घरात कसं होतं आठवतं? एकादशीला हरिपाठाला बसायचे, रोज कुणीतरी हाक मारून न्यायचं. मग त्या लग्नाच्या वरातीत प्यायले आणि सगळे म्हणाले, माळेचा अपमान केला. त्याच रात्री त्यांनी माळ काढली, आणि माळेबरोबर ती माणसंही गेली. इथे पिणं पुन्हा सुरू झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीच दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला बोलावतात. दारू सोडल्याचे दिवस मोजायची चकती असते, ती पुन्हा पहिल्या दिवसाची हातात ठेवतात. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र होतं, ते आपल्याला माहीतही होतं. पण एसटी स्टँडवर कुणी विचारलं तर काय सांगायचं, यातच आपण अडकलो. शेवटी तर लोकांना 'कावीळ' एवढंच सांगितलं.

"कसली कसली माणसं येतात गं तुझ्याकडे?" असं तू विचारतेस आणि मी विषय बदलते, ते याचसाठी. अमुक माणूस आमच्या केंद्रात येतो की नाही, एवढंसुद्धा त्याच्या लेखी परवानगीवाचून सांगायचं नाही, असा इथला कायदा आहे. १९७० च्या दशकापासूनचा. लाजेपायी माणूस दारातूनच परत फिरू नये म्हणून. भीती वाटते का, तर हो. माझ्या पर्समध्ये नाकात मारायचा एक फवारा असतो. अफूच्या जातीचं काही जास्त घेऊन कुणाचा श्वास थांबत आला तर त्यानं परत आणता येतं. २०२२ या एका वर्षात या देशात नशेच्या अतिमात्रेनं लाखावर माणसं गेली. फवारा अजून वापरावा लागलेला नाही.

आता बाबा, तुमच्याशी.

नववीत असताना मी तुमची चंची चुन्याच्या डबीसकट विहिरीत टाकली. तुम्ही ओरडला नाहीत. संध्याकाळी वजनकाट्यावरून येताना नवी घेऊन आलात, आणि तेव्हापासून ती खताच्या पोत्यांमागे ठेवायला लागलात. मला वाटायचं, मी जिंकले. तंबाखू एक चिमूटही कमी झाली नाही, मी तुम्हाला फक्त लपवायला शिकवलं. माझं चुकलं.

गालाच्या आतल्या त्या पांढऱ्या डागासाठी दातांच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख मात्र चुकवू नका. तिथे मी अजून नववीतलीच सुमी आहे.

संक्रांतीला मी विचारलं होतं, तंबाखू सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात सांगा. आई मागून म्हणाली, "दहा म्हणा की!" तुम्ही म्हणालात, "तीन," आणि गोठ्यात गेलात. माझा पुढचा प्रश्न राहूनच गेला.

तीन का म्हणालात बाबा? शून्य का नाही?

सवडीनं सांगा. मी मधे बोलणार नाही.

तुमची,
सुमी