पातेरा

लोकमान्य नगर, इंदूर
24 नोव्हेंबर

प्रिय भिया,

स. न. परवा फोनवर तू विचारलंस, "कसं झालं मॉरिशस?" आणि मी "छान झालं" म्हणून मोकळा झालो. नंतर रात्रभर चुटपुट लागली. जे सांगायचं होतं ते फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. तुझ्याकडे एक कामही आहे. ते तूच करू शकशील, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

तुला माहीत आहे, आम्ही दोघं असे कधी गेलोच नव्हतो. आधी आईचं आजारपण, मग मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न. तुझ्या वहिनीने चार वर्षं भिशीच्या पैशांना हात लावला नाही. मला वाटायचं, सोन्याच्या बांगड्या होणार. माझ्या निवृत्तीच्या महिन्यात तिने पासबुक पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "मला समुद्राकाठी आठ दिवस राहायचंय. देव नको, नातेवाईक नकोत, नुसता समुद्र." मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि शाकाहारी जेवणाची आबाळ होत नाही, असं मुलीने सांगितलं आणि तेच ठरलं.

दिवाळी आटोपून निघालो. इंदूरहून मुंबई, मुंबईहून सहा तास विमान. आमचं रिसॉर्ट पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक आं फ्लाक नावाच्या गावाजवळ. पहिल्या रात्री खोली मागच्या बाजूची मिळाली, खिडकीतून गाड्या दिसायच्या. पैसे समुद्रासमोरच्या खोलीचे भरले होते. मी भांडलो, दुसऱ्या दिवशी बदलून दिली. त्याबद्दल इतकंच पुरे.

समुद्राबद्दल मात्र सांगू दे. तू आणि मी बिलावलीच्या तलावावर वाढलेली पोरं. समुद्र म्हणजे मला मुंबईची चौपाटी आणि द्वारकेचा काठ, दोन्हीकडे पाणी मातकट. इथे बेटाला जवळजवळ चहूकडून प्रवाळाची भिंत आहे. मोठी लाट दूर त्या भिंतीवर फुटते. क्षितिजाजवळ एक पांढरी रेघ हलत असते आणि तिची घरघर दिवसरात्र कानावर येते, पण काठाशी पाणी तळ्यासारखं निवांत. पायाशी काच, पुढे हिरवं, त्यापुढे मोरपंखी, आणि भिंतीपलीकडे एकदम दौतीतली शाई. किनाऱ्याला सुरूची झाडं, दक्षिणेला ल मॉर्न नावाचा काळा डोंगर. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्या डोंगरावर लपून राहायचे. आणि वाटेत जागोजाग गुलमोहर फुलायला लागलेले, नोव्हेंबरात! आपला मे महिना तिथे वर्षाच्या शेवटी येतो. गुलमोहर मूळचा शेजारच्या मादागास्करचा, हे मला तिथे गेल्यावर कळलं. इतकी वर्षं मी त्याला आपल्या ओल्ड पलासियाच्या रस्त्यांचाच समजत होतो.

ही पहिले तीन दिवस घोट्यापलीकडे पाण्यात गेली नाही. लहानपणी ओंकारेश्वरला नर्मदेच्या पायरीवरून घसरली होती, ती भीती अजून आहे. मी पोहायचो आणि ती सुरूखाली खुर्चीवर बसून बघायची. मला वाईट वाटत होतं. हिच्याच पैशांनी आलो आणि पाण्यात मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून आम्ही तिथेच बसलो होतो. दोन बायका वाळूवरची पानं दाताळ्याने गोळा करत होत्या. बदामाची तांबडी पानं आणि सुरूच्या सुया. दोघी आपसात त्यांच्या क्रेओल भाषेत बोलत होत्या, मला त्यातलं काही कळत नव्हतं. तेवढ्यात हिने माझा हात धरला. "ऐकलंत? पातेरा म्हणाली ती."

मी काही ऐकलं नव्हतं. ही उठली, वाळूतून अनवाणी गेली आणि त्या थोरल्या बाईसमोर उभी राहून पानांकडे बोट दाखवून म्हणाली, "पातेरा?" ती बाई बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तू मराठी?"

भिया, हिची आजी कोकणातून लग्न होऊन इंदुरात आलेली. जुन्या घराच्या अंगणात पिंपळाची पानं पडायची, तेव्हा ती पोरींना "पातेरा लोटा गो" म्हणून हाक मारायची. आजी गेली तसा तो शब्दही गेला. आम्ही पाचोळा म्हणतो, मोहल्ल्यात पत्ते म्हणतात. ही म्हणाली, चाळीस वर्षांत तो शब्द कानावर पडला नव्हता. आणि तो ऐकू आला कुठे, तर हिंदी महासागराच्या मध्यात, विषुववृत्ताच्या खाली.

त्या बाई साठीच्या आसपासच्या. त्यांना मराठी बोलायची सवय राहिलेली नाही, घरात सगळे क्रेओलच बोलतात. पण आजीकडून ऐकलेलं आणि शाळेत शिकलेलं मिळून त्यांची एक मराठी आहे. तिथल्या शाळांमधून मराठी शिकवतात आणि गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांच्या बोलण्यात "तुम्ही" नाहीच. मला, हिला, सगळ्यांना "तू". आजीने नातीला जसं सांगितलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिला विचारलं, "तू पाण्यात का नाय जात?" हिने ओंकारेश्वरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भिऊ नको. भाईर भिंत आहे." आणि समुद्री साळूचे काटे टोचू नयेत म्हणून स्वतःचे रबरी बूट काढून हिला दिले. ही कमरेइतक्या पाण्यात गेली. मी दहा पावलं मागे उभा होतो. तिने वळून बघितलंसुद्धा नाही, खाली वाकून आपल्याच पायांभोवती फिरणारे मासे बघत राहिली. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ ती पाण्यात होती आणि मी काठावर कपडे राखत होतो.

आता तुझं-माझं. चार वर्षांपूर्वी तुझ्या मुलाच्या लग्नात मी एका पाहुण्याला म्हणालो होतो, "माझं जेवण होऊन चुकलं." तो हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही इंदुरी मराठी." तू ते ऐकलं नव्हतंस, मी तुला कधी सांगितलंही नाही. पण तेव्हापासून पुण्यात आलो की मी दुकानातसुद्धा दोन वाक्यं मनात जुळवून मग बोलतो. तू दर वेळी म्हणतोस, "आता परत महाराष्ट्रात या, फ्लॅट बघतो." हा "परत" शब्द मला टोचतो, भिया. आमचे कोणी मल्हाररावांच्या मागोमाग माळव्यात आले, त्यानंतर इथेच जन्मलो, इथेच जळलो. मी परत कुठे येऊ? त्या बाईंच्या तोंडून अडखळत, क्रेओलच्या वळणाने मराठी यायची, तेव्हा मला त्यातल्या चुका ऐकूच आल्या नाहीत. एकेक शब्द त्या जपून, हातात धरून पुढे करत होत्या.

2 नोव्हेंबरला तिथे सुट्टी असते. 1834 साली त्या तारखेला गिरमिटावरच्या, म्हणजे कराराने बांधून आणलेल्या, मजुरांचं जहाज लागलं, त्याची आठवण म्हणून. पुढच्या वर्षी गुलामी बंद झाली, आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती. मग 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. बहुतेक बिहारकडचे, तामिळ आणि तेलुगूही पुष्कळ, आणि मुंबईहून चढलेले आपले कोकणातले. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात, 2006 मध्ये ती जागतिक वारसा झाली. काळ्या दगडाच्या काही पायऱ्या, दवाखान्याच्या भिंती, एवढंच उरलंय. सुट्टीच्या दिवशी बाईंनी आम्हाला तिथे नेलं. लोक पायऱ्यांवर फुलं ठेवत होते. हिने केसांतला जास्वंद काढून ठेवला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. रिसॉर्टच्या माणसांनी त्या दिवसासाठी काचेच्या तळाच्या बोटीचं तिकीट काढून दिलं होतं, ते वाया गेलं. मला त्याची हळहळ नाही.

तिथून त्यांच्या घरी. पत्र्याचं छप्पर, दारात तुळस, आणि मागे सगळा ऊस. व्हॅनिलाच्या वासाचा चहा दिला आणि दालपुरी. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून टाकला तर जशी लागेल तशी, वर घेवड्याची तिखट भाजी. दोन-दोन एकत्रच वाढतात. मी सहा खाल्ल्या.

चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. मोका गावात महात्मा गांधी संस्था आहे, तिथे या मजुरांची सगळी दफ्तरं ठेवली आहेत. कोणीही जाऊन आपल्या पूर्वजाचा दाखला मागू शकतो. यांनी आजोबांच्या आजोबांचा काढला होता. नंबर, नाव, बापाचं नाव, वय 22, अंगावरची खूण म्हणून डाव्या भुवईवरचा व्रण, मुंबईहून निघाल्याचं साल 1858. कारकुनाने इंग्रजीत लिहिलेला. बाईंना नंबर तोंडपाठ आहे.

मग त्यांनी मला विचारलं, "तुझा गाव?" मी म्हणालो, इंदूर. "तो रत्नागिरीजवळ?" मी म्हणालो, नाही, खूप लांब. "नाय, मूळ गाव." मी गप्प बसलो. आमच्या घरात "साताऱ्याकडचे" यापलीकडे कोणाला काही ठाऊक नाही. बैलगाडीतून आलेल्यांचं नाव कोणी लिहून घेतलं नाही. बाईंच्या पूर्वजाला बोटीवर चढवणाऱ्यांनी निदान तेवढं लिहिलं. तो कागद हातात धरून मला त्या बाईचा हेवा वाटला, आणि लगेच त्या 22 वर्षांच्या पोराची आठवण होऊन त्या हेव्याची लाजही वाटली.

आता काम. दाखल्यावर जिल्हा रत्नागिरी, परगणा राजापूर स्वच्छ वाचता येतं. पुढे गावाचं नाव, आणि तिथेच शाई पसरली आहे. पहिलं इंग्रजी अक्षर "के" नक्की आहे, शेवटी "एल" आणि "आय". मधली अक्षरं गेली. मी नकाशा घेऊन बसलो. कशेळी असेल, केळवलीही असू शकेल. तू तीन वर्षं राजापूरच्या शाखेत होतास, कर्जाच्या वसुलीला वाडी न् वाडी हिंडलेला आहेस. तुझ्या ओळखीत तिकडचे जुने लोक असतील. पूर्वजाचं नाव आणि आडनाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलंय. ते आडनाव कोणत्या गावात आहे, कोणत्या वाडीत आहे, एवढं विचारून बघ. कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो. तुझा भाचा डोळ्यांचा तरुण आहे, त्यालाही दाखव.

आणि तुझ्या घरच्या वहिनींचं माहेर तिकडचंच ना? त्यांच्याकडे अजून पातेराच म्हणतात का, ते ही विचारतेय.

बाई दर रविवारी रात्री हिला फोन करतात. तिथे तेव्हा साडेसात झालेले असतात, इथे नऊ. दोघी अर्धा तास बोलतात, अर्धं मराठी, अर्धं हातवाऱ्यांनी, व्हिडिओवर. फोन ठेवताना त्या दर वेळी विचारतात, "गाव मिळाला?" पुढच्या रविवारी हिला काहीतरी सांगता यावं असं फार वाटतं.

तुझाच,
भिया