स्पॅनिश इरॉटिक थ्रिलरची चार ओळींत बोळवण नको

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका स्पॅनिश इरॉटिक थ्रिलरचे परीक्षण वाचले. वासना, विवाहबाह्य संबंध आणि त्यांभोवतीची गुपिते यांवर उभा असलेला हा चित्रपट ‘घरच्यांसोबत पाहण्यासारखा नाही’ एवढे सांगून परीक्षणकर्त्यांनी चार ओळींत विषय संपवला. तो प्रौढांसाठीच आहे, त्यामुळे या इशाऱ्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या प्रौढांनी त्यात काय पाहावे हे सांगणे राहूनच गेले.

स्पेनच्या चित्रपटांत व्यभिचार आणि गुन्हा इतक्या वेळा हातात हात घालून का येतात, हे त्या देशाचे जुने कायदे पाहिल्यावर उमगते. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत विवाहित स्त्रीने परपुरुषाशी संबंध ठेवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा होता. नवऱ्याला मात्र, त्याने दुसरी बाई घरातच आणून ठेवली किंवा तिच्याशी राजरोस संसार मांडला, तरच शिक्षा होई. पत्नीला प्रियकरासोबत पकडून तिथल्या तिथे ठार मारणाऱ्या पतीला केवळ हद्दपारीवर सोडणारी तरतूद तर १९६३ पर्यंत टिकून होती. व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही तो १९७८ मध्ये, आणि घटस्फोटाचा कायदा झाला १९८१ मध्ये. जिथे गुपित फुटले की बाईचे आयुष्यच पणाला लागत असे, तिथल्या कथाकारांना रहस्य बाहेरून आणावे लागले नाही.

हुआन अंतोनियो बार्देम यांचा १९५५ चा ‘मुएर्ते दे उन सिक्लिस्ता’ हा चित्रपट याचा उत्तम दाखला आहे. चोरून भेटणाऱ्या एका जोडप्याच्या मोटारीची धडक एका सायकलस्वाराला बसते आणि आपले संबंध उघडे पडतील या भीतीने ते त्याला रस्त्यावर मरायला सोडून जातात. फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळालेल्या या चित्रपटात एकही उत्तान दृश्य नाही, तरीही व्यभिचारी नायिकेला अखेरीस शासन झालेच पाहिजे, हा सेन्सॉरचा आग्रह होता. याच सेन्सॉरने ‘मोगॅम्बो’ या अमेरिकी चित्रपटातील व्यभिचार लपवण्यासाठी स्पॅनिश डबिंगमध्ये नवराबायकोला बहीणभाऊ करून टाकले, आणि पडद्यावर त्याहून भयंकर नाते उभे राहिले! सेन्सॉरशिप १९७७ मध्ये उठली. त्यानंतर नुसत्या नग्नतेवर चालणारे पुष्कळ चित्रपट आले हे नाकारण्याचे कारण नाही, पण त्याच मोकळीकीतून पुढे विसेन्ते आरान्दा यांचा ‘आमान्तेस’ही (१९९१) आला. फ्रँकोच्या काळात घडलेल्या एका खऱ्या खुनावर आधारलेल्या या चित्रपटातील विधवा घरमालकिणीच्या भूमिकेसाठी व्हिक्टोरिया आब्रिल यांना बर्लिन चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्यातली शय्यादृश्ये कथेतून काढून टाकली, तर खून का झाला हेच कळणार नाही.

हे सारे आपल्याला परके वाटू नये. व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी. त्या कलमात पत्नीला शिक्षा नव्हती, परंतु पतीची संमती असेल तर गुन्हाच घडत नव्हता. म्हणजे तिच्या इच्छेला तिथे जागाच नव्हती. अशा कायद्याखाली दीडशेहून अधिक वर्षे काढलेल्या समाजाने पडद्यावरच्या विवाहित स्त्रीची इच्छा पाहताच परीक्षणात तिला ‘चवचाल’ ठरवून मोकळे व्हावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. नायकाच्या प्रतारणेला त्याच परीक्षणात ‘मोह’ म्हटले आहे.

ओटीटीवरील अशा अनेक चित्रपटांत शरीर हे केवळ आमिष असते आणि गुपित शेवटच्या दहा मिनिटांत कसेबसे उलगडले जाते. त्यांना परीक्षणकर्त्यांनी खुशाल झोडपावे. मात्र दोष दाखवताना तो पटकथेचा, दिग्दर्शनाचा की अभिनयाचा, हे वाचकाला कळले पाहिजे. १८९३ पासून ग्रंथसंग्रहालय चालवणाऱ्या आणि गडकरी रंगायतनात स्त्रीपुरुष संबंधांवरची गंभीर नाटके पाहत आलेल्या ठाण्यातला वाचक एवढे नक्कीच पेलू शकतो.

तेव्हा पुढील परीक्षणांत चित्रपटाचे वयोगट-प्रमाणन चौकटीत ठळक छापावे, म्हणजे मुलांच्या पालकांची सोय होईल, आणि उरलेली जागा चित्रपटाच्या चर्चेला द्यावी, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)