मी शाळा होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला स्पॅनिश शिकणाऱ्यांसाठीचा लेख वाचला. 'इर' म्हणजे जाणे. या क्रियापदाला शेंडा-बुडखा नाही, रूपे घोकून मोकळे व्हा, असे लेखक म्हणतात. मी तेहतीस वर्षे संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर स्पॅनिश शिकते आहे. मला हे पटले नाही.

'बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान' ही वर्तमानकाळाची रूपे 'इर'ची वाटत नाहीत, कारण ती त्याची नाहीतच. ती लॅटिन 'वादेरे' या वेगळ्या क्रियापदाची (स्पॅनिशमध्ये लिहितात व, म्हणतात ब). 'इर' आले लॅटिन 'ईरे'पासून, आणि आपल्या संस्कृत 'एति'तला (म्हणजे जातो) 'इ' धातू त्याचा सख्खा भाऊ. 'इबा' म्हणजे जात असे, 'इरे' म्हणजे जाईन, हीदेखील त्याच घरातली.

खरी गंमत भूतकाळात आहे. 'फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन' ही मुळात 'असणे'ची रूपे, आपल्या 'भू' धातूच्या कुळातली. तिथे होतो म्हणजे तिथे गेलोच असणार, असा तो हिशेब. 'सेर' म्हणजे असणे. त्याचाही हा भूतकाळ अक्षरश: हाच आहे. म्हणून 'फुई माएस्त्रा' म्हणजे मी शिक्षिका होते, आणि 'फुई आ ला एस्कुएला' म्हणजे मी शाळेत गेले. पहिल्या गृहपाठात माझ्याकडून मधला 'आ' राहिला आणि वहीत वाक्य उमटले, 'मी शाळा होते'. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ते अगदीच खोटे नव्हते म्हणा!

मराठी माणसाने तरी याला दचकू नये. 'जाणे'चा भूतकाळ आपण 'जाला' करतो का? 'जा' आला संस्कृत 'या'पासून, 'गेला' आला 'गम्'च्या 'गत'पासून. दोन धातूंची ही मोट आपण बोबडे बोलतानाच बांधली, तक्ता न घोकता.

जाता जाता एक दुरुस्ती. स्पेनमध्ये अनेकांना 'निघा' म्हणायचे तर लेखात फक्त 'इदोस' दिले आहे. बोलताना लोक सर्रास 'इरोस' म्हणतात, आणि २०१७ मध्ये रॉयल स्पॅनिश अकादमीने तेही मान्य केले आहे.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका