बाय, गाऊन दोन इंच कमी शिवणार नाही

प्रिय बाय,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला, सकाळी मशीनवर बसल्यावर परत ऐकला. फोनवर बोलले असते तर तू मधेच बोलली असतीस, मग माझाही आवाज चढला असता, म्हणून लिहूनच पाठवते. लांबलचक होईल, ऑफिस सुटल्यावर रूमवर जाऊन निवांत वाच.

एका दमात किती काय काय बोललीस गं तू. गाऊन स्लीव्हलेस हवाय, पण चर्चमधल्या आंटी आत्तापासूनच म्हणायला लागल्यात की हल्लीच्या मुलींना वेदीपुढे उभं राहतानाही काही वाटत नाही. गाऊन मापापेक्षा दोन इंच कमी शिव, लग्नापर्यंत मी बारीक होते. आणि सगळ्यात शेवटी, एकदम हळू आवाजात, पार्लरवालीने ब्रायडल पॅकेजमध्ये गोरं होण्याची ड्रिप सांगितलीय, हाताला सुई लावून देतात म्हणे. आणि मग तो प्रश्न, की आई, चर्च म्हणतं अंग झाकून ये आणि इन्स्टावर बघावं तर प्रत्येक नवरीच्या चेहऱ्यावर एक डाग नाही, मी नेमकं ऐकू कुणाचं.

आधी बाहीचं बोलते कारण ते सोपं आहे. गाऊन स्लीव्हलेसच शिवते, तुझे खांदे छान आहेत, शोभेल तुला. वरून नेटचं छोटं जॅकेट करते, कोपरापर्यंत बाही, पुढे लेसचं काम, मागे बारीक कापडी बटणं. चर्चमधली मिस्सेची प्रार्थना होईपर्यंत अंगात ठेव, हॉलवर गेलीस की काढ. हे आंटींना घाबरून नाही सांगत. मिस्सा तुझ्या एकटीची नसते बाय, तिथे अख्खा धर्मग्राम, आपल्या चर्चची सगळी माणसं, प्रार्थनेला बसलेली असतात, तेवढा एक तास लोकांचं लक्ष तुझ्या पाठीवर नको, वेदीवर असू दे असं मला मनापासून वाटतं. तुला पटलं नाही तर सांग, आपण बोलू, पण जॅकेट मी शिवणारच.

मात्र बाही म्हणजेच विश्वास असं तुला कुणी सांगितलं तर ते डोक्यात घेऊन बसू नकोस. बायबलमध्ये प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय काढून बघ, जो या विषयावर नेहमी वाचून दाखवतात. स्त्रियांनी मर्यादेने सजावं म्हणतो तो, आणि पुढे नावं कशाची घेतो तर केस गुंफणं, सोनं, मोती आणि महागडे कपडे. खांदा, गुडघा, पाठ यातलं काहीच नाही, सगळं खर्चाचं आणि मिरवण्याचं आहे. त्या काळी मंडळीत गुलाम पण यायचे आणि पैसेवाल्या घरच्या बायका पण यायच्या, आणि एकीच्या डोक्यावर सोनं चमकत असेल तर शेजारी बसलेल्या दुसरीला काय वाटत असेल. याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच आहे, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढची जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता तू तिथे उभा राहा, हा भेदभाव झाला. मग अंगावर दहा तोळे घालून पहिल्या बाकावर बसायचं आणि मागच्या मुलीची बाही मोजायची, हे वाचन समजून घेतल्याचं लक्षण नाही असं मी स्पष्ट म्हणते. तोंडावरही म्हणेन. तू मात्र त्या आंटींशी भांडू नकोस, त्या लहानपणापासून जे ऐकत आल्यात तेच बोलतात.

आणि बाय, नियम बदलतात. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यात बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं लिहिलेलं होतं, १९८३ च्या नव्या कायद्यात ते कलमच नाही. तुझी आजी शेवटपर्यंत डोक्यावरून पदर घेऊनच कम्युनियनला गेली, मी कधी घेतला नाही, आणि तिच्यापेक्षा माझी श्रद्धा कमी असं तिने मला कधी म्हटलं नाही. पांढऱ्या गाऊनचंही तसंच. इतकी वर्षं मी गाऊन शिवते, लोकांना वाटतं पांढरा गाऊन म्हणजे ख्रिस्ती लग्न, पण बायबलमध्ये कुठे आहे तो? इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८४० साली लग्नात पांढरं सॅटिन आणि लेस घातली, तिचं बघून श्रीमंतांनी घातलं, मग सगळीकडे पसरलं. त्याआधी तिकडच्या बहुतेक बायका रंगीत कपड्यांतच लग्न करायच्या. आपल्या वसईत आजीचं लग्न लुगड्यात झालं, ते लाल चौकड्यांचं लुगडं अजून माझ्या कपाटात आहे, हवं असेल तर लग्नाआधीच्या रोसच्या विधीला नेस, नेसवून मी देते.

म्हणजे सजू नकोस असं मी मुळीच म्हणत नाही. लिपस्टिक लाव, आयब्रो कर, हील घाल, केसांत आपल्या वाडीतला मोगरा माळ. देवाला सुंदर कापडाचं वावडं असतं तर बायबलच्या निर्गम पुस्तकात अहरोन याजकाचे कपडे वैभवासाठी आणि शोभेसाठी करा असं सांगितलंच नसतं, त्यात सोनेरी, निळा, जांभळा, किरमिजी धागा कुठे वापरायचा तेसुद्धा आहे, मी शिवणकाम करते म्हणून तो अध्याय मला फार आवडतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या शेवटी जी सद्गुणी स्त्री आहे ना, जिचं वाचन आपण प्रत्येक आईच्या मयताला ऐकतो, ती पण तलम आणि जांभळे कपडे घालते. मी एवढंच बघते, की या सजण्यात कुणी कमी लेखलं जातंय का. दुसरी कुणी, किंवा तू स्वतः. इथे मला तुझी काळजी वाटते.

दोन इंचांचं घे. प्रत्येक नवरी मला हेच सांगते, आंटी कमरेत जरा कमी ठेवा, मी डाएट करतेय. मी हो म्हणते आणि मापाचाच शिवते, आणि आत भरपूर मार्जिन सोडते, कारण लग्नाच्या आठवड्यात त्याच मुली माझ्यासमोर श्वास ओढून उभ्या राहतात आणि चेन वर जात नाही म्हणून रडतात. एक तर उपाशी राहून राहून ट्रायललाच चक्कर येऊन खाली बसली, तिच्या आईने तिला साखरपाणी दिलं, आणि ती काय म्हणाली माहितीये, आंटी आता तरी चेन लागेल का. माझ्या हातात टेप होती, काय बोलावं ते कळेना. इतक्या मुलींची मापं घेतली, कुणाचे दोन खांदे सारखे नसतात, एक जरा खाली असतोच, मुंढा वेगळा, छाती वेगळी, कंबर वेगळी. एस, एम, एल हे कारखान्याने स्वतःच्या सोयीसाठी पाडलेले साइज आहेत, त्यात बसलं नाही म्हणून शरीर चुकीचं होत नाही, कापड चुकीचं कापलेलं असतं. पौलानेच म्हटलंय की तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. हे वाक्य आपण दारू सिगारेटपुरतं वापरतो, पण पोटाला न घालणं हे पण त्यातच येतं ना. जिमला जा, चाल, तळलेलं कमी खा, सगळं चांगलं आहे. पण जेवण सोडायचं नाही. गाऊन तुझ्या मापाचा होईल, तू गाऊनच्या मापाची व्हायचं नाही.

आता ड्रिप. बाय, ही नाहीच. त्यात ग्लूटाथिओन नावाचं औषध असतं असं तू म्हणालीस. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने गोरं होण्यासाठी आजपर्यंत एकाही इंजेक्शनला मंजुरी दिलेली नाही, उलट अशी इंजेक्शनं घेऊ नका असंच सांगितलंय. आणि पार्लरमध्ये कुणीतरी शिरेत सुई घालणार, तिला डॉक्टरकीचं शिक्षण तरी आहे का? क्रीमचंही तसंच. केरळात मलप्पुरमला २०२३ मध्ये डॉक्टरांकडे किडनीचे पेशंट यायला लागले, शोधता शोधता कळलं की ते गोरं होण्याची क्रीम लावत होते आणि त्यात पारा होता. आपल्याकडे मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब आणून महिनोन्महिने चेहऱ्याला लावतात, सुरुवातीला उजळ दिसतं, मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ येतं, केससुद्धा उगवतात. मागच्या वेळी आलीस तेव्हा बाथरूमच्या फळीवर मी एक ट्यूब पाहिली, त्यावर बीटामेथासोन लिहिलेलं होतं, ते स्टिरॉइडच आहे. स्किनच्या डॉक्टरला दाखव आणि तीच ट्यूब सोबत ने, मनाने एकदम बंद करू नकोस कारण अचानक बंद केलं तर चेहरा जास्त भडकतो, ते डॉक्टर सांगतील तसं कर. पैसे मी पाठवते.

पण खरं दुखणं कातडीवर नाही हे मला कळतं. लहानपणी तुला कोण काय म्हणायचं ते मला सगळं आठवतं, आणि तुझ्या सासरच्या कुणीतरी साखरपुड्याला मुलगी गुणाची आहे, रंगाने जरा हे आहे, असं म्हटलं ते पण मी ऐकलंय. गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात आपल्याकडे १९७५ पासून घराघरात शिरली, २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातून फेअर काढून ग्लो घातलं, पण लग्नाच्या बोलण्यातून ते अजून निघालेलं नाही, ख्रिस्ती घरांतूनसुद्धा नाही. आपल्या आल्तारवरची मारिया माता पण गोरी आणि निळ्या डोळ्यांची, ती तशी चित्र काढणाऱ्यांच्या देशातली आहे. नासरेथची मुलगी होती ती, उन्हातून विहिरीवरून पाणी आणणारी. मेक्सिकोत ग्वादालुपेची माता आहे, तिचं चित्र सावळं आहे आणि जगभरातून लोक तिच्यापुढे गुडघे टेकतात.

तू बायबलमधलं गीतरत्न वाचलंयस का? लग्नाआधी वाच. पहिल्याच अध्यायात ती मुलगी म्हणते की मी काळी आहे पण सुंदर आहे, मी काळी म्हणून माझ्याकडे टक लावून बघू नका, सूर्याने मला काळी केलंय, भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावले. हे वाचलं की मला दर वेळी आजीच दिसते. पहाटे वाडीत उतरायची, केळीला, पानवेलीला पाणी द्यायची, भाजीची टोपली घेऊन पहिल्या गाडीने मुंबईला, दुपारच्या उन्हात परत. तिचा रंग तसाच आला, तिच्यावरून तुझ्या पप्पांना आणि पप्पांवरून तुला. त्या उन्हावर पप्पा शिकले आणि पुढे तू इंजिनीअर झालीस. तो रंग सलाइन लावून काढून टाकायचा? माझं मन नाही होत गं, आणि ही भावनेची जबरदस्ती वाटत असेल तर वाटू दे, पण मला जे वाटतं ते तुला कळलं पाहिजे.

तुझा होणारा नवरा यात काय म्हणतो ते तू सांगितलं नाहीस. त्याला विचार. सरळ विचार, मी आहे तशी तुला चालते की ड्रिप घेऊन. उत्तर द्यायला त्याला वेळ लागला तर मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

अजून एक, ब्राइड्समेडचे ड्रेस ऑनलाइन स्वस्तात मागवायचे आणि एकदा घालून टाकून द्यायचे असं तू म्हणत होतीस. मी शिवणारी बाई आहे, एका ड्रेसला किती वेळ जातो ते माझी पाठ सांगते, मग तो इतक्या कमी पैशात कसा येतो? ढाक्याजवळ २०१३ मध्ये कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा इमारत कोसळली, अकराशेवर माणसं गेली, त्यात कपडे शिवणाऱ्या मुलीच जास्त. पोप फ्रान्सिस त्यानंतर १ मे ला म्हणाले होते की तिथे महिन्याला ३८ युरोवर लोक राबत होते आणि याला गुलामगिरी म्हणतात. आंटींनी बाहीऐवजी यावर बोलावं असं मला फार वाटतं. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांत टबीथा आहे बघ, यापो बंदरातली, विधवांना कपडे शिवून द्यायची. ती वारली तेव्हा त्या बायका रडत रडत तिने शिवलेले झगे येशूच्या शिष्याला, पेत्राला दाखवत होत्या. आणि बाहेरचा शृंगार नको, अंतःकरणाचा असू दे असं ज्या पत्रात आहे ते याच पेत्राच्या नावाचं. त्या दिवशी ते झगे त्याने हातात घेऊन बघितले असतील, असं मला वाटतं.

तर ब्राइड्समेडचे ड्रेस मी आणि गल्लीतल्या दोघी मिळून शिवतो, साडीसारखं नंतरही वापरता येईल असं कापड घेऊ, प्रत्येकीचं माप नीट कागदावर लिहून पाठव, छाती, कंबर, खांदा, उंची, आणि हो, हील घालून उंची घ्यायला सांग. तुझी कंबर मी स्वतः मोजणार, तू सांगितलेला आकडा धरणार नाही. शनिवारी विरारला उतरलीस की पप्पा घ्यायला येतील, जॅकेटची लेस मी दोन प्रकारची आणून ठेवलीय, बारीक फुलांची आणि मोठ्या पानांची, मला बारीक आवडते पण तू ठरव. पार्लरला आजच फोन करून ड्रिप कॅन्सल सांग, भरलेले पैसे परत नाही दिले तरी चालतील. आणि रात्री जेव.

तुझी आई