तलावावर पोकलेन आणण्याआधी

साकोली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. गावच्या तलावासाठी तुम्ही पुण्यातली पोरं पैसे जमवताय हे वाचून फार बरं वाटलं. काकूंना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. पण मे महिन्यात पोकलेन लावून सगळा गाळ उपसायचा आणि तलाव चांगला खोल करायचा, असं जे तू लिहिलंस त्यावर मला मनापासून बोलायचंय. एवढ्यात त्या मशीनवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

आपला तलाव खोल नसतो, तो पसरट असतो, आणि तो मुद्दाम तसा बांधलेला आहे. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, असे साडेसहा हजारांवर मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत, जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या काळातले. कोहळी लोकांनी जमिनीचा उतार पाहून जागा हेरली आणि तीन बाजूंनी येणारं पाणी एका पाळीने, म्हणजे मातीच्या बांधाने अडवलं. त्यातून धान पिकायचं, गुरं प्यायची आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाची चूल पेटायची. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. मालगुजारी गेली याचं मला दुःख नाही, ती जायलाच हवी होती. पण पाळ कोणी दुरुस्त करायची, सांडवा कोणी मोकळा करायचा, हे तेव्हापासून कोणाच्याच अंगावर उरलं नाही.

मग आली बेशरम नावाची झुडपी वनस्पती. तू लहानपणी तिच्या काड्यांच्या तलवारी करायचास ना, तीच. गुरं तिला तोंड लावत नाहीत. कापून टाकली तर पडलेल्या कांडीला ओलाव्यात पुन्हा मुळं फुटतात. ती काठ धरते, मग उथळ पाणी धरते, आणि खालची देशी पाणवनस्पती उजेडावाचून मरते. त्याच काळात जास्त उत्पादनासाठी रोहू, कतला, मृगळ या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडायची पद्धत आली, त्यांच्यासोबत गवत्या आणि सायप्रिनस हे मासेही आले. गवत्या पाणवनस्पती खातो आणि सायप्रिनस तळातला चिखल उकरतो. रोहू-कतल्याची तर वेगळीच तऱ्हा. ते वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या तलावात घालत नाहीत. म्हणजे मच्छीमार संस्थेने दरवर्षी बीज विकत आणायचं, त्यासाठी उधार काढायचं आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी बुडायचं. मरळ, मागूर, शिंगी या तलावातल्या जुन्या माशांचं बीज आणावं लागत नाही. त्यांना उथळ काठ आणि काठाला वनस्पती मिळाली की ते आपले आपण वाढतात. बाजारात मरळीला भाव किती असतो ते तू काकूंना विचार.

आता सांग, पोकलेनने तलावाच्या कडा उभ्या कापल्या तर अंडी घालायला जागा कुठे राहील?

हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात निमगावला जाऊन पाहिलं. मनीष राजनकर आणि त्यांच्या संस्थेतले लोक तिथे ढिवर समाजासोबत बरीच वर्षं काम करताहेत. त्यांनी सुरुवात मशीनपासून केली नाही. पूर्वी तलावात काय काय होतं, कोणता मासा कोणत्या वनस्पतीत राहतो, हे आधी ढिवरांना विचारलं. निमगावच्या शालू कोल्हे स्वतः ढिवर समाजातल्या. त्यांनी बायकांना एकत्र आणलं, ग्रामसभेत बोलतं केलं आणि तलावाच्या कामात पुढे आणलं. मासे विकायला टोपलं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या या बायका, पण तलावाचं काय करायचं हे त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं.

काम असं चालतं. उन्हाळ्यात पाणी हटलं की बेशरम मुळासकट खणून काढायची, एक कांडीही ओलीत पडू द्यायची नाही, दूर नेऊन वाळवायची. मग तळ नांगरायचा. पाऊस पडून पाणी भरायला लागलं की ज्या तलावात देशी वनस्पती शिल्लक आहेत तिथून कंद, रोपं आणून लावायची. काही पाण्याखाली वाढणारी, काही पानं तरंगवणारी, आणि काठाला देवधानासारखी गवतं. एक म्हातारी मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती. तिने एक पान उपटून उलटं केलं आणि मला जवळ बोलावलं. पानाच्या पाठीला साबुदाण्याहूनही बारीक अंडी चिकटलेली होती. ‘हे पाय, इथं मासा येते,’ एवढंच म्हणाली आणि पान अलगद पाण्यात सोडून दिलं. मित्रा, माझे डोळे भरून आले रे. आपण दोघं त्या तलावात पोहायला शिकलो, आणि पानाखाली काय असतं हे आपल्याला कधी दिसलंच नाही.

सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. धानाला शेवटचं पाणी लागतं तेव्हा शेतकरी तलाव तळापर्यंत सोडायला बघतो आणि मासेवाल्याला थोडं तरी पाणी राखायचं असतं. आपल्याही गावात हे भांडण आहेच. तुझं घर, माझं घर शेतकऱ्यांचं, म्हणून ते आपल्याला ऐकू येत नव्हतं इतकंच. आणि गाळ काढूच नये असंही नाही. पाळीजवळ, जिथे फार साचलाय तिथला काढावा, शेतात टाकावा. पण कुठला आणि किती, हे ढिवर मोहल्ला आणि शेतकरी एकत्र बसून ठरवतील. बेशरम काढायचं काम रोजगार हमीत बसवता येतं का, ते मी पंचायतीत विचारतो. तसं झालं तर मजुरी गावातल्याच बायकांच्या हातात पडेल, आणि तेवढे दिवस तरी मिरची तोडायला तेलंगणात जायची वेळ येणार नाही.

तुमचे पैसेही लागतीलच. रोपं आणायला गाडी, पाळीची डागडुजी, आणि पहिली दोन-तीन वर्षं मच्छीमार संस्थेने मासेमारी कमी केली तर तिला आधार. या शेवटच्या गोष्टीला कोणी पैसे देत नाही, कारण तिचा फोटो निघत नाही. तुम्ही द्या.

तुमच्या मंडळींना हे पत्र वाचून दाखव. कोणी म्हणेल याला वेळ फार लागतो. लागतोच. मेच्या पहिल्या आठवड्यात रजा काढ, आधी आपण निमगावला जाऊ, मग आपल्या ढिवर मोहल्ल्यात. आपल्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांशी मी बोलून ठेवलंय, ते सकाळी जाळं काढून आठ वाजता घरी असतात. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तारीख लवकर कळव.

तुझाच,
मोहल्ल्यातला जुना सोबती