एकवीस हजारांचा दाखला आणि 'बोगस' गरीब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी योजनांची छाननी सुरू झाली, की 'बोगस लाभार्थी' हा मथळा ठरलेला. मग चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत एकच सूर लागतो : गरीब आता उरलेत कुठे, सगळे फुकटे. नाशिक शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत निराधार योजनेचे व रेशनचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही करतो. बोगसपणा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यातला बराचसा सरकारच्याच अटींनी जन्माला घातलेला आहे, आणि त्याचे खापर मात्र विधवा, म्हातारी माणसे आणि रोजंदारीवाले यांच्या डोक्यावर फुटते.

विधवा, दिव्यांग अशा निराधारांसाठीची संजय गांधी निराधार अनुदान योजना किंवा ६५ वर्षांवरील वृद्धांसाठीची श्रावणबाळ योजना घ्या. महिना १,५०० रुपये मिळण्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. दिव्यांगांची रक्कम जास्त आणि ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही सबंध घराचे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये. एखाद्या विधवेने त्या कामावर ६७ दिवस भरले तर २०,९०४ रुपये होतात. अडुसष्टाव्या दिवशी ती कागदावर निराधार उरत नाही. एका खात्याने कामाची हमी द्यायची आणि दुसऱ्याने अडुसष्टाव्या दिवशी तिला बाद करायचे, असा हा कारभार.

म्हणून प्रत्यक्षात काय होते, ते दाखल्याच्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. 'उत्पन्न किती?' असे विचारण्याऐवजी 'कशासाठी हवाय दाखला?' असे विचारतात आणि त्याप्रमाणे आकडा पडतो. निराधारसाठी १८, २० किंवा २१ हजार. त्याच घरातल्या मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी दुसराच. चार घरची धुणीभांडी करणारी बाई खरे उत्पन्न सांगेल तर अर्ज तिथेच फेटाळला जातो. खोटे सांगितले तर पैसे सुरू होतात, पण शेजाऱ्याने कधी तक्रार केली तर, ही धास्ती कायमची मागे लागते. ज्याला खरोखर गरज नाही त्यालाही तोच २१ हजारांचा दाखला मिळतो. मग दोघांत फरक करायचा कशावरून? अट इतकी खाली आणून ठेवली, की कागद बघून खरा गरीब ओळखताच येत नाही.

आता हीच अट लाडकी बहीण योजनेशेजारी ठेवून पाहा. रक्कम तीच, १,५०० रुपये. वय २१ ते ६५, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले तर अर्जाच्या वेळी उत्पन्नाचा दाखलाही लागला नाही. पासष्टी ओलांडली की बाई या योजनेतून बाहेर पडते आणि श्रावणबाळच्या दारात जाते. तिथे मर्यादा अडीच लाखांवरून थेट २१ हजारांवर. चौसष्टाव्या वर्षी जी कागदोपत्री गरजू, ती पासष्टी उलटल्यावर, हातातले काम सुटल्यावर, सुखवस्तू ठरते. यावर मथळा झालेला आमच्या पाहण्यात नाही.

रेशनचेही दुखणे हेच. प्राधान्य कुटुंबासाठी (म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी धान्य मिळणाऱ्या घरासाठी) शहरात वर्षाला ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० ही मर्यादा अन्नसुरक्षा कायदा लागू होताना, २०१३-१४ मध्ये ठरली. आज ५०० रुपये रोजाने जाणारा बिगारी ११८ दिवसांत ५९ हजारांना पोचतो. त्यावर इष्टांकाची मेख. महाराष्ट्रात किती माणसांना हे धान्य द्यायचे याचा आकडा, सुमारे सात कोटी, २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. जिल्ह्याच्या वाट्याचा इष्टांक भरला की कोणाचे नाव कमी झाल्याशिवाय नवे नाव बसत नाही. 'कार्ड आहे, बारा अंकी नंबरही पडलाय, पण धान्य सुरू नाही' ही आमच्याकडची सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. तिचे कारण बहुतेकदा एवढेच असते. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याच्या पॉस मशीनवर ते नाव येतच नाही.

फुकट धान्याने लोक आळशी झाले, निफाड-दिंडोरीत द्राक्षबागेला मजूर मिळेनात, असे शेतकरी मित्र म्हणतात. हिशेब मांडू. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो, म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. पाच जणांना २५ किलो. बाजारात किलोला ३५ रुपये धरले तरी ८७५ रुपये, म्हणजे ५०० रुपये रोजाने दोन दिवसांचीही मजुरी नाही. तेवढ्यासाठी महिनाभर घरी कोण बसेल? तेल, मीठ, डाळ, भाडे, मोबाइलचे रिचार्ज या धान्यातून होत नाही. शिवाय हे धान्य पूर्ण मोफत झाले ते जानेवारी २०२३ पासून. त्याआधी गहू २ आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. म्हणजे २५ किलोमागे वाचले ५० ते ७५ रुपये. एवढ्यावर आळशी होता येत असेल तर तो चमत्कारच म्हणायचा.

मजूर ऑक्टोबरात मिळत नाहीत त्याचे कारण बांधावरच आहे. गोड्या बहराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची द्राक्षाची छाटणी सगळ्या बागांत एकाच वेळी येते, आणि मजुरांच्या टोळ्या जिथून येतात त्या पेठ-सुरगाण्यात त्याच सुमारास भात, नागली कापणीला आलेली असते. टोळ्या आधी आपली खळी उरकणार, हे उघड आहे.

धान्य विकले जाते, हे खरे. पण काय विकतात ते पाहावे. भाकरी-पोळी खाणाऱ्या घरात तांदूळ जास्त येतो, तो विकून तेलाची पिशवी आणतात. काही जण तर तांदूळ 'प्लास्टिकचा' म्हणून काढून टाकतात. ते पाण्यावर तरंगणारे दाणे पोषणमूल्य वाढवलेले असतात, लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घातलेले, शंभर दाण्यांत साधारण एक. रेशन दुकानात हे सांगणारा एक फलक लागला असता तर तो पोषक दाणा फेकला गेला नसता.

आमच्या गावात रामकुंडावर अन्नदान केले की पुण्य लागते. तेच धान्य कायद्याने हक्क म्हणून मिळाले की घेणारा फुकटा. 'आमच्या करातून' म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की रिचार्जवरचा १८ टक्के जीएसटी मोलकरीणही भरते.

आणि बाद झालेला प्रत्येक जण बोगस नसतो. अनुदान अचानक बंद झाले तर आधी हे तपासावे. पैसे आधारला सीडिंग केलेल्या, म्हणजे सरकारी रक्कम जमा होण्यासाठी आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असते. बचत गटासाठी वा कर्जासाठी नवे खाते उघडताना आधारच्या संमतीवर सही झाली, तर रक्कम गुपचूप तिकडे वळते आणि म्हातारी जुन्याच पासबुकात शोधत राहते. 'आधार लिंक आहे' हे बँकेचे उत्तर पुरेसे नाही, आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहावी, तिथे बँकेचे नाव दिसते. दुसरे, हयातीचा दाखला राहिला का ते पाहावे. तिसरे, रेशनच्या ई-केवायसीत (आधारवरून होणाऱ्या ओळख पडताळणीत) ठसे न उमटणे. सिमेंट कालवून, भांडी घासून, कांदा निवडून बोटे गुळगुळीत झालेली असतात. अशा वेळी डोळ्यांच्या स्कॅनचा किंवा चेहऱ्याच्या पडताळणीचा आग्रह धरावा. स्थलांतरित मजुराला गावचे कार्ड दाखवून नाशिकच्या दुकानातही धान्य घेता येते, दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर तक्रार करावी. सिंहस्थाच्या कामांवर बाहेरून येणाऱ्या मजुरांना ठेकेदारांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे.

शासनाकडे मागणे दोन. निराधार आणि श्रावणबाळसाठीची २१ हजारांची अट काढून लाडकी बहीण योजनेचीच मर्यादा लावावी. आणि छाननीत नाव वगळताना कारण लेखी, मराठीत, संबंधिताच्या हातात द्यावे, त्यावर दाद मागायची मुदत आणि कोणत्या टेबलावर जायचे तेही लिहून.

आपले,
निराधार व रेशनच्या अर्जांना मदत करणारे कार्यकर्ते, नाशिक