टिकलीकडे बघून बोलणारी बाई

संपादक महोदय, स.न.वि.वि.

२ एप्रिलची, जागतिक ऑटिझम दिनाची, तुमची ऑटिझमवरची (मराठीत स्वमग्नता) पुरवणी वाचली, माहिती चांगली होती पण फोटो सगळे मुलग्यांचे, म्हणून लिहितेय. आमच्या लेकाचं निदान झालं तेव्हा मलाही हे मुलग्यांचंच असतं असं वाटायचं. डॉक्टरीणबाई त्याच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मी मनात उत्तरं माझी देत होते. पुढच्या वर्षी, ४१व्या वर्षी, माझंही निदान झालं.

ऑटिझमवाल्या मुलग्यांबद्दल सांगतात तशा खेळण्यातल्या गाड्या मी लहानपणी रांगेत लावल्या नाहीत. माझी रेडिओवरच्या गाण्यांची वही होती, गाणं, सिनेमा, संगीतकार, साल, आणि एक ओळ चुकली की अख्खी वही परत लिहायची. पोरगा रेल्वेचं टाइमटेबल घडाघडा म्हणायला लागला की लोक वळून बघतात, मला अंताक्षरीत आधी घ्यायचे. चौथीत बाकावरच्या मैत्रिणीचं हसणं मी जसंच्या तसं उचललं, आई म्हणाली हे कुणाचं हसणं गं? अजून तेच हसते.

याला मास्किंग म्हणतात, म्हणजे चारचौघींसारखं दिसायला मुखवटा घालून वावरणं. हळदीकुंकवाला जायचं तर पाच-सहा वाक्यं आधीच पाठ, डोळ्यात बघवत नाही म्हणून समोरचीच्या टिकलीकडे बघायचं (पुरुषांना टिकली नसते ही मोठीच अडचण), दहाजणी एकदम बोलतायत, पदराची जर मानेला टोचतेय, आणि घरी आल्यावर बाथरूममध्ये दिवा न लावता अर्धा तास बसायचं. घरात माझं नाव माणूसघाणी. स्वमग्नता हा शब्द कुणी शोधला माहीत नाही, माझा तर सगळा जन्म दुसऱ्यांकडे बघण्यात गेला.

आधी कितीतरी वर्षं अँग्झायटी आणि डिप्रेशनच्या गोळ्या घेतल्या. एक डॉक्टर तर म्हणाले, नोकरी करता, संसार करता, डोळ्यात बघून बोलता, तुम्हाला कसला ऑटिझम? टिकलीचं त्यांना सांगितलं नाही.

त्यांचाही फार दोष नाही म्हणा. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ मध्ये ऑटिझमच्या ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं त्यातले ८ मुलगे, पुढच्याच वर्षी दुसरे डॉक्टर हान्स अ‍ॅस्परगरने वर्णन केलेले चौघेही मुलगेच, मग मापं त्यांच्याच अंगावर बेतली गेली. चार मुलग्यांमागे एक मुलगी असं वर्षानुवर्षं सांगत आले, २०१७ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर ते तीनास एकच्या जवळ आलं, आणि नुसत्या आधीच्या नोंदी न मोजता जिथं सरसकट तपासणी केली तिथं मुली जास्त सापडल्या. म्हणजे होत्याच की, कुणी बघितलंच नव्हतं.

आणि आपल्याकडे मुलगी गप्प बसली की ती गुणी. माझी भाची सहावीत आहे, रिपोर्टवर शेरा "शांत, समजूतदार". तीच पोरगी घरी आल्या आल्या मोजे ओरबाडून काढते, शिवण बोचते म्हणून, आणि तासभर पलंगाखाली पडून असते. वहिनीला म्हटलं एकदा दाखवून घे, तर तिने रिपोर्टच पुढे केला.

तर पुढच्या २ एप्रिलला गप्प बसलेल्या एखाद्या मुलीचाही फोटो छापा. फोटोत काहीच दिसणार नाही हे मान्य, खाली चार ओळी लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली वाचक, सांगली
(कृपया नाव छापू नये)